ओडिसियस घरी पोचला तो डोक्याने की मनगटाने?

दुपारचा_चहा (धागाकर्ता)

मुलाला रात्री झोपताना होमरची 'ओडिसी' थोडी थोडी सांगतोय. काल गुहेचा प्रसंग झाला आणि पठ्ठ्याने विचारलं, "राक्षस झोपला होता ना, मग मारून का नाही टाकला?"

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: ट्रॉयचं दहा वर्षांचं युद्ध आटोपून ओडिसियस आपल्या इथाका बेटाकडे निघतो, आणि पोचायला आणखी दहा वर्षं लागतात. वाटेत बारा साथीदारांसह तो एकडोळ्या पॉलिफेमसच्या गुहेत अडकतो. राक्षस दोघांना जमिनीवर आपटून खातो, वर दूध पितो आणि मेंढरांत ताणून देतो. ओडिसियसचा हात तलवारीवर जातो. छातीखाली यकृत नेमकं कुठे, ते चाचपून वार करायचा, इथवर त्याचं ठरलेलं असतं. आणि तो थांबतो. कारण दाराला लावलेली धोंड. बावीस चारचाकी गाड्यांनी ती हलली नसती, असं होमर सांगतो. राक्षस मेला तर हे सगळे आतच कुजणार. दार उघडायला शत्रूचाच दंड हवा! म्हणून मारायचा नाही, आंधळा करायचा.

मग एकास वीस पाणी घालून प्यायची दारू त्याला तशीच पाजली, स्वतःचं नाव 'कोणीनाही' असं सांगितलं आणि ऑलिव्हच्या लाकडाचा तापवलेला खुंट डोळ्यात घातला. आरडाओरडा ऐकून शेजारचे राक्षस आले, तर हा आतून म्हणतो, "कोणीनाही मला मारतोय, बळाने नाही, कपटाने!" शेजारी म्हणाले, कोणी नाही ना, मग दुखणं देवाचं आहे, बापाची प्रार्थना कर. गंमत म्हणजे त्यांच्या तोंडचं ग्रीक 'मे तिस' (कोणी नाही) आणि 'मेतिस' (चातुर्य) कानाला सारखेच लागतात.

माझा निकाल: डोकं १०, मनगट ०.

माजघर

दहा-शून्य? पुढचं पान उलटलंत का? गलबत जरा लांब गेल्यावर हा शहाणा किनाऱ्याकडे तोंड करून ओरडतो: तुला आंधळं करणारा मी ओडिसियस, लाएर्तिसचा मुलगा, राहणार इथाका. साथीदार गप्प राहा म्हणून विनवत होते. नाव, बापाचं नाव, गाव, एवढं मिळाल्यावर पॉलिफेमसने बापाला, म्हणजे समुद्रदेव पोसायडनला, बिनचूक शाप मागितला. पुढचे हाल त्यातून.

दुपारचा_चहा

ती फुशारकी होती हो, चातुर्य नव्हे. दोन्ही एका खात्यात नका टाकू.

माजघर

एकाच डोक्यातून निघाली, म्हणून एकाच खात्यात. बरं, वाऱ्यांच्या पिशवीचं काय? वाऱ्यांचा राखणदार एओलस, त्याने उलटे वारे पिशवीत बांधून दिले होते. आत काय आहे हे याने कुणालाच सांगितलं नाही आणि नऊ दिवस स्वतःच शिडाची दोरी धरून बसला. दहाव्या दिवशी इथाका दिसायला लागलं, किनाऱ्यावरच्या शेकोट्या दिसल्या, आणि याचा डोळा लागला. आत सोनं-चांदी असणार म्हणून लोकांनी पिशवी सोडली, गलबतं परत मागे. एक वाक्य सांगितलं असतं तर घरी जेवायला पोचले असते. चतुर माणसाचा दुसऱ्यावर भरवसा नसतो, आणि किंमत दुसरे मोजतात. निघताना बारा गलबतं होती, घरी पोचला एकटा.

लेस्ट्रिगोन राक्षसांच्या बंदरात तर अकरा गलबतं आत शिरली, याने आपलं तेवढं बाहेर खडकाला बांधलं. ती अकराही बुडाली. इतरांना बाहेर थांबा म्हटल्याचं काही काव्यात सापडत नाही.

पाचवी_फ

बंदराच्या मुद्द्याला +१. ते वाचताना मला त्याचा पहिल्यांदा राग आला होता.

वस्तादांचा_चेला

दोघेही चुकताय. होमरच्याच 'इलियड'मध्ये (ट्रॉयच्या युद्धाचं काव्य) ओडिसियस आणि त्याच्याच बाजूचा वीर थोरला अजॅक्स यांची कुस्ती आहे, ती वाचा. अजॅक्स पहाडासारखा. त्याने ओडिसियसला उचललं, तेवढ्यात याने मागून गुडघ्याच्या लवणीत टाच हाणली आणि अजॅक्स उताणा. डाव झकास, पण पुढे ओडिसियसलाही तो धड उचलता येईना, शेवटी अकिलीसने कुस्ती बरोबरीत सोडवली. आमचे वस्ताद म्हणायचे, डाव सगळ्यांना येतो रे, तो पेलायला खालून मांडी लागते.

खॅरिब्डिसच्या भोवऱ्यावर हाच गडी अंजिराच्या झाडाला वटवाघळासारखा लटकून राहिला, बुडालेली डोलकाठी वर येईपर्यंत. तिथे कसली युक्ती? नुसती पकड. गुहेतून निघताना मेंढ्याच्या पोटाखाली लोकर धरून लटकला तेही तसंच. बाकीच्यांना त्याने तीन-तीन मेंढ्यांत बांधलं होतं, त्याला स्वतःला बांधायला कोणी नव्हतं.

दुपारचा_चहा

मेंढ्याचा मुद्दा मान्य. १०-२ करतो.

पाचवी_फ

आणि धनुष्य? ओडिसियसच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला त्याच्या घरात ठाण मांडून बसलेले १०८ जण. अट एकच, ओडिसियसचं धनुष्य चढवून बाण कुऱ्हाडींतून काढायचा. धनुष्य शेकून झालं, चरबी चोळून झाली, प्रत्यंचा काही चढली नाही. ओडिसियसने बसल्या जागी चढवली आणि बाण बारा कुऱ्हाडींतून आरपार काढला. ही कुठली चतुराई?

दुपारचा_चहा

भिकाऱ्याचं सोंग घेऊन आधी घरात शिरला. दिवाणखान्यातली शस्त्रं आदल्या रात्री मुलाच्या मदतीने हलवली. मुलगा टेलिमाकस चौथ्या झटक्याला प्रत्यंचा चढवणारच होता, त्याला डोळ्याने दाबला. १०८ जणांसमोर नुसता दंड घेऊन उभा राहिला असता तर दहा मिनिटांत आडवा.

माजघर

खरी चतुर घरातली बाई. सासऱ्याचं कफन दिवसा विणायचं, रात्री उसवायचं, तीन वर्षं. आणि नवरा आल्यावर त्यालाच पारखलं: दासीला म्हणाली, तो पलंग बाहेर आणून घाल. पलंगाचा खूर जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हचा, हलणार कसा? महाराज भडकले, आपण तो कसा बनवला ते घडाघडा बोलून गेले, आणि पटली ओळख. गुहेत पॉलिफेमसला खरं नाव न सांगणारा माणूस बायकोपुढे एका वाक्यात उघडा पडला! तिच्या युक्तीत एकही खलाशी मेला नाही.

वस्तादांचा_चेला

याला दंडवत.

दुपारचा_चहा

ताई, आकडेमोड रद्द करतो.

रात्रीचा प्रश्न वेगळाच आला. आंधळा पॉलिफेमस मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतो ना, रोज तू सगळ्यांच्या पुढे असतोस, आज मागे का, धन्याच्या डोळ्यासाठी वाईट वाटतंय का? हे सांगितल्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुढे त्या मेंढ्याचं काय झालं?"

तो ओडिसियसने समोरच्या बेटाच्या किनाऱ्यावर कापून देवांचा राजा झ्यूसला वाहिला. झ्यूसने तिकडे लक्षही दिलं नाही. मी "चरायला गेला" असं सांगून दिवा घालवला.