फ्रेंच माणसाची नकाराची सवय
खासगीपणाविषयीची फ्रेंच दक्षता ही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०१८ च्या युरोपीय नियमावलीने लावलेली सवय आहे, असे मत कधीकधी मांडले जाते; ते मला पटत नाही. नागरिकांच्या निरनिराळ्या सरकारी नोंदी एकाच ओळख-क्रमांकाने जोडण्याची ‘सफारी’ नावाची योजना १९७४ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकाने उघडकीस आणली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की ती गुंडाळावी लागली आणि जानेवारी १९७८ मध्ये कायदा होऊन ‘क्नील’ ही वैयक्तिक माहितीच्या वापरावर देखरेख करणारी स्वायत्त संस्था उभी राहिली. ल्यों या फ्रेंच शहरात माझ्या शेजारी राहणारे निवृत्त गृहस्थ कोणतेही संकेतस्थळ उघडले की आधी कोपऱ्यातले, बारीक अक्षरांतले ‘संमती न देता पुढे चला’ हे बटण शोधून दाबतात आणि मगच चष्मा सारखा करून वाचू लागतात. हे बटणही सुखासुखी आलेले नाही. कुकीजना, म्हणजे आपला माग ठेवण्यासाठी संकेतस्थळे आपल्या यंत्रावर साठवतात त्या छोट्या नोंदींना, नकार देणे होकाराइतकेच सोपे असले पाहिजे, या मुद्द्यावर क्नीलने डिसेंबर २०२१ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला होता. अर्थात हेच गृहस्थ सुपरमार्केटचे सवलत-कार्ड मात्र दर शनिवारी बिनदिक्कत पुढे करतात, आणि त्यावर आपल्या चीजपासून औषधी चहापर्यंत सगळ्याची नोंद होते, याचे त्यांना काहीच वाटत नाही.