३०० ओहमचा हेडफोन: खिशातला डॅक घ्यावा की टेबलावरचा अँप?

धागाकर्ता: मंद्रसप्तक
सेन्हायझरचा एचडी ६०० नुकताच घरी आला आहे. आता पंधरा हजारांत एकतर बॅटरीवर चालणारा छोटा डॅक-अँप (डॅक डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करतो, अँप तो संकेत वाढवतो) घ्यावा किंवा विजेवर चालणारा टेबलावरचा संच मांडावा, असा पेच आहे. माझा कल टेबलाकडे आहे, कारण ३०० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युत अवरोधाचा, हेडफोन खिशातल्या यंत्राला पेलणार नाही असे सगळीकडे ऐकतो. आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई रेल्वेप्रवास असतो, हेही सांगून ठेवतो.

प्रतिसाद: गणिती
‘पेलणार नाही’ हे एकदा आकड्यांत मांडून पाहावे. या हेडफोनला एका मिलिवॉटला सुमारे ९७ डेसिबल आवाज मिळतो. एक व्होल्ट देणाऱ्या साध्या यूएसबी-सी डोंगलमधून (फोन किंवा लॅपटॉपला लावायच्या छोट्याशा डॅकमधून) ३०० ओहममध्ये ३.३ मिलिवॉट जातात, म्हणजे आवाज १०२ डेसिबलपर्यंत पोहोचतो. ख्याल ऐकताना मला सरासरी ७५ डेसिबल पुरतात आणि द्रुत तानेची उसळी धरली तरी हाताशी बरेच काही शिल्लक राहते. हायफायमॅनच्या एचई-६ सारखा हट्टी, खूप ताकद मागणारा प्लॅनार (सपाट चुंबकीय पडद्याचा) हेडफोन असता, तर मी स्वतःच तुम्हाला टेबलाकडे पाठवले असते.

प्रतिसाद: जुना रेडिओ
गणित मान्य आहे, पण प्रश्न निव्वळ आवाजाचा नाही. एचडी ६०० उघड्या पाठीचा आहे. रेल्वेच्या डब्यात तो घातलात तर चाकांचा खडखडाट तुमच्या कानात आणि तुमचा मारवा शेजाऱ्याच्या कानात! जो हेडफोन घराबाहेर पडणारच नाही, त्याच्यासाठी बॅटरीचे ओझे कशाला बाळगायचे? माझ्या खिशातल्या यंत्राची बॅटरी अडीच वर्षांत फुगली आणि मागचे झाकण उचलले गेले, तेव्हापासून मी भिंतीतल्या विजेवरच विश्वास ठेवतो.

प्रतिसाद: खर्जातला
भिंतीतल्या विजेवर इतका विश्वास ठेवण्याआधी घराचे अर्थिंग तपासावे, ही विनंती. आमच्या जुन्या इमारतीत लॅपटॉप चार्जरला लावला की टेबलावरच्या अँपमधून बारीक गुणगुण यायची आणि चार्जर काढताच थांबायची. बॅटरीवरच्या डॅकमध्ये ती कधीच आली नाही. दुसरे असे की, त्याच अँपला संवेदनशील इअरफोन लावला तर आवाजाचे बटण जेमतेम घड्याळातल्या आठच्या काट्याइतकेच न्यावे लागे आणि तिथे तानपुरा आधी डाव्या कानात उमटे, उजव्यात मागाहून. स्वस्त पोटेन्शिओमीटरचे (आवाजाच्या बटणामागच्या भागाचे) डाव्या-उजव्या कानांसाठीचे दोन भाग अगदी कमी आवाजाला सारखे चालत नाहीत, त्याचा हा परिणाम होता.

प्रतिसाद: मंद्रसप्तक
उघड्या पाठीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. सध्या मुलीच्या फोनचा डोंगल मागून घेतला आहे. लॅपटॉपवर तो भरपूर वाजतो, माझ्या अँड्रॉइड फोनवर मात्र तोच अगदी मंद वाजतो. याचे कारण कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद: गणिती
काही डोंगलांच्या आवाजाचे नियंत्रण त्यांच्या आतल्या चिपमध्ये असते आणि काही अँड्रॉइड फोन ते पूर्ण उघडत नाहीत. दोष हेडफोनचा नाही. महिनाभर लॅपटॉपवरच ऐका आणि पंधरा हजार तूर्त खिशातच राहू द्या.

प्रतिसाद: जुना रेडिओ
महिनाभर ठीक आहे. पण हाताला भरेल असे मोठे बटण फिरवण्याचे सुख त्या डोंगलला नाही, एवढे नोंदवून ठेवतो.