मदत हवी आहे: ब्रॉडकास्ट टाकतोय, पण एकही सेन्सर ओ देत नाही

कृष्णाकाठ७: सांगली मार्केट यार्डात मामांच्या हळदीच्या गोदामात दमटपणा मोजायला सहा ईएसपी३२ (वायफायवाले छोटे सेन्सर-बोर्ड) लावलेत. ऑफिसच्या पीसीवरून पायथन प्रोग्रॅम यूडीपीनं (जोडणी न करता संदेश धाडायची पद्धत) २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम, हाक मारतो (हेच ब्रॉडकास्ट), सेन्सरनी आपला आयपी कळवायचा. घरी विश्रामबागेत सगळे बोलले, इथं चिडीचूप. उद्या सकाळी मामा बघायला येणारेत. लवकर सांगा!

बिनतारी: सॉकेटला एसओ_ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवायची परवानगी) लावलंय का?

कृष्णाकाठ७: नसतं लावलं तर घरी कसं चाललं असतं हो?

पाटील_मिरज: विंडोज आहे ना? नवीन नेटवर्क 'पब्लिक' धरलं की फायरवॉल आत येणारी उत्तरं अडवतो. माझे दोन दिवस त्यातच गेले होते.

कृष्णाकाठ७: फायरवॉल पूर्ण बंद करून बघितला. तेच.

एमडीएनएसवाला: ब्रॉडकास्ट जुनाट झालं. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) मध्ये तर ते ठेवलेलंच नाही. एमडीएनएस (यंत्रांनी एकमेकांना नावानं शोधायची पद्धत) घ्या, २२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३.

बिनतारी: तेही राउटर ओलांडत नाही. उगाच त्यांना कोड बदलायला लावू नका.

हरिपूरकर: आमच्याकडं हळद जमिनीखाली पेवात राहायची, सेन्सर कुठला आलाय! वास घेऊन सांगायची माणसं.

बिनतारी: पीसीचा आणि एका सेन्सरचा आयपी टाका. राउटर किती?

कृष्णाकाठ७: पीसी १९२.१६८.१.१२, सेन्सर १९२.१६८.०.१०३. गोदामात वायफाय पोचेना म्हणून जुना राउटर लावलाय, ऑफिसातून केबल ओढून. पण नेट चालतंय की.

बिनतारी: हे आधी सांगायचं! केबल वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टात असणार, म्हणजे गोदामाचं नेटवर्कच वेगळं. हाक पहिल्या अंगणातच विरते, राउटर ती पुढं ढकलत नाही. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (तो दुसऱ्या कुणाला नाही ना बघा), त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करा, मग केबल लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात. सेन्सर रीस्टार्ट.

एमडीएनएसवाला: स्थिर आयपी दिले असते तर हाक मारायची गरजच नव्हती.

पाटील_मिरज: आता तुम्हीच तुमचं एमडीएनएस सोडलंत.

कृष्णाकाठ७: चार बोलले!! पाच आणि सहा गप्पच.

बिनतारी: ते दोन कुठल्या वायफायवर?

कृष्णाकाठ७: दाराजवळचे आहेत, ऑफिसचं वायफाय तिथं पोचतं... अरे, त्यांना 'गेस्ट' (पाहुण्यांचं) वायफाय दिलंय. पासवर्ड सोपा होता म्हणून.

बिनतारी: गेस्टवाले बहुतेक राउटरांत आतल्या यंत्रांपासून तोडलेले असतात. काढा तिथून.

हरिपूरकर: मामांना विचारून राजापुरी हळदीचा भाव सांगा की.