प्रार्थनेची शांती न्यायाच्या लढ्याला बळ देते की त्याची धार घालवते?

निपाणीची लेक:
विडी वळणाऱ्या बायकांचे मजुरीचे आणि फंडाचे अर्ज मी बरीच वर्षे लिहून देते. हजार विड्यांमागे मजुरी ठरते, आणि त्यांतल्या ‘छाट’ म्हणून किती बाजूला काढायच्या हे मात्र माल घेणारा ठरवतो. मागच्या पावसाळ्यात एका म्हातारीचा अर्ज चौथ्यांदा परत आला, कारण कार्डावर तिचे नाव कन्नडमध्ये एक तऱ्हेने आणि मराठी दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते. त्या रात्री जेवण गेले नाही. गुडघे टेकले, तेव्हा जोडलेल्या हातांना तिच्या कागदांचा तंबाखूचा वास येत होता. प्रार्थनेनंतर राग उरला होता. त्या कारकुनाबद्दलचा द्वेष मात्र गळून गेला होता. माझ्या मते लढा टिकतो तो या शांतीवर.

खानापूरकर:
ताई, आपल्या कामाबद्दल आदर आहे, पण मत पटत नाही. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती होऊन शीख दलितांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो दर्जा मिळाला. ख्रिस्ती दलित आजही त्याबाहेर आहेत. प्रत्येक रविवारी मन शांत होत राहिले, तर ही आग रस्त्यावर येणार कधी? ज्याचे पोट जळते त्याला आधी शांती देणे हे मला अन्यायाच्या सोयीचे वाटते.

निपाणीची लेक:
आपण दिलेला दाखला मलाही झोंबतो, कारण तो आमच्याच घरातला आहे. तरीही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा आठवा. देवाला न भिणाऱ्या आणि माणसांना न जुमानणाऱ्या न्यायाधीशाकडे ती न्याय मागायला पुन्हा पुन्हा जाते, आणि येशू हा दाखला सांगतो तो ‘सर्वदा प्रार्थना करावी व खचून जाऊ नये’ हे शिकवण्यासाठी. म्हणजे त्याच्या लेखी प्रार्थनेचे चित्रच मुळी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईचे आहे. १९५६ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बहिष्कार चालू असताना, त्यांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना रात्री फोनवर धमकी आली, तेव्हा स्वयंपाकघरात बसून त्यांनी आपण खचलो असल्याचे देवापुढे कबूल केले. काही दिवसांतच त्यांच्या घरावर बाँब पडला. संतापून जमलेल्या लोकांना त्यांनी शांतपणे घरी पाठवले, आणि तो बहिष्कार ३८१ दिवस चालला.

कॅम्पातला वाचक:
मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. प्रार्थना लढ्याला उपयोगी पडते म्हणून करायची असेल, तर देव आपल्या चळवळीचा नोकर ठरेल. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूने ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला न्याय नव्हे, क्रूस मिळाला.

खानापूरकर:
किंग यांच्या मागे बसने न जाता पायी चालणारे हजारो लोक होते, हे विसरू नये. एकट्याच्या शांतीने ३८१ दिवस भरले नसते. मी माझ्या मतावर ठाम आहे. त्या आजींच्या अर्जाचे पुढे काय झाले?

निपाणीची लेक:
दोन्ही नावे एकाच बाईची असल्याचे शपथपत्र केले आहे. सोमवारी पाचव्यांदा जाणार आहोत. आपणही या, कन्नड नीट वाचणारे माणूस सोबत हवेच आहे.