'ठसका' : रंजनाच्या निमित्ताने

वेलांटी : मराठी सिनेमातल्या अभिनेत्री रंजनावर एक छोटा लेख लिहायला घेतलाय. मी तिची कट्टर चाहती, त्यामुळे विशेषणांना तोटा नाही. पण दर दोन ओळींनी 'ठसका' येतोय. ठसकेबाज अभिनय, ठसक्यात टाकलेलं वाक्य, पुन्हा ठसका. नखरा, तोरा, ऐट, फणकारा हे सगळे घालून पाहिले, एकही बसेना. या शब्दाला पर्याय आहे का?

चणेफुटाणे : जेवताना लागतो तोच ना? पाणी प्या.

तळटीप : चेष्टेत बरोबर जागी बोट ठेवलंत. मिरचीची फोडणी पडते चुलीवर आणि ठसका लागतो ओसरीवर बसलेल्याला. माणसाच्या बाबतीतही ठसक्याला समोर कोणीतरी लागतंच. नखरा एकटीने आरशापुढे करता येतो. तोऱ्यात समोरच्याला कमी लेखणं आलं. फणकारा रागाचा, आला तसा गेला. ठसक्यात राग असलाच पाहिजे असं नाही, पण 'मी काही ऐकून घेणार नाही' एवढं समोरच्याला कळलं पाहिजे. 'बिनकामाचा नवरा'मध्ये अशोक सराफांपुढे रंजना उभी राहते ती बघा. नवरा आळशी, बायको कामाची. ती आवाज फार चढवत नाही. वाक्य संपता संपता मान किंचित तिरकी करते आणि शेवटचा शब्द आपटून मोकळी होते. हा ठसका. याला पर्याय शोधू नका.

आणखी एक. या अर्थाने हा शब्द एकवचनातच राहतो. 'तिचे नखरे' चालतं, पण 'तिचे ठसके' म्हटलं की लोक खोकल्याचं औषध आणतील.

माळावरचा : 'ठसठशीत' याच्याच जवळचा ना?

तळटीप : वापर वेगळा. ठसठशीत कुंकू, ठसठशीत नथ. ते नुसतं बघून कळतं. ठसका बोलण्याचालण्यात. फोटोत रंजना ठसठशीत दिसेल, ठसका कळायला पडद्यावरच बघावी लागेल.

माळावरचा : आमच्याकडे पुरुषाला कोणी ठसकेबाज म्हणत नाही. त्याचा रुबाब असतो. निळू फुल्यांना बेरकी म्हणतील, ठसकेबाज कोण म्हणेल? भाषेला मात्र बाई-पुरुष नाही, कोल्हापुरी ठसका कोणाच्याही तोंडी चालतो. आता तर मिसळीच्या पाट्यांवरही असतो.

उंबरठा : सगळं ठीक, पण या शब्दाने तिच्यावर थोडा अन्यायच होतो असं माझं मत. अशोक सराफांबरोबरचे सिनेमे टीव्हीवर सारखे लागतात, म्हणून ठसका तेवढा लक्षात राहिला. 'चानी' आठवा. १९७७चा, व्ही. शांतारामांचा. गोऱ्या सोजिराच्या अत्याचारातून जन्मलेली, पिंगट केसांची, गावाने हिणवलेली पोर. तिच्यात कुठे आहे ठसका? तिथे मी 'रानवट' म्हणेन, आणि तेही कौतुकाने. 'अरे संसार संसार'मध्ये ती नव्या नवरीपासून म्हातारपणापर्यंत जाते. त्याला लोक सरसकट 'सोशिक' लिहितात, मला ते पटत नाही. सोशिक बाई सहन करते आणि गप्प बसते. ही 'चिवट' आहे. मातीला धरून राहते, हटत नाही.

वेलांटी : 'चिवट' उचलते. बाईच्या कौतुकात सहसा कोणी वापरत नाही, म्हणून अजून आवडला. 'रानवट'चं बघते, संपादक कापतील बहुतेक.

चणेफुटाणे : एक खरा प्रश्न. तुम्ही सगळे 'रंजना आली, रंजना म्हणाली' करताय. 'रंजनाताई' का नाही?

उंबरठा : कारण चाहत्याचं नातं एकेरीच असतं. लता गाते, आशा गाते. अभिनेत्री सुलोचना मात्र कायम 'दीदी'. त्यांच्यासाठी लोकांचा ठरलेला शब्द 'सोज्वळ', आणि त्या शब्दापुढे माणूस आपोआप हात जोडतो. ठसका आवडला की माणूस हात जोडत नाही, शिट्टी मारतो. वेलांटीताई, लेखात एकेरीच ठेवा. संपादकांना 'त्यांनी'च हवं असेल तर फक्त अपघाताच्या परिच्छेदात करा.

वेलांटी : तिथेच तर अडलेय. १९८७ला बंगळूरला शूटिंगसाठी जाताना अपघात झाला, ऐन भरात असताना. नंतर चाकांची खुर्ची. 'दुर्दैवी' लिहिलं की पुढचं सगळं रडगाणं वाटतं.

तळटीप : मग विशेषण घालूच नका. तारीख-वार लिहा आणि पुढच्या ओळीत सांगा की त्या खुर्चीत बसून तिने 'फक्त एकदाच' हे नाटक केलं. तिथे 'जिद्द' सुद्धा लिहू नका, तो शब्द सत्कारांत वापरून वापरून बोथट झालाय.

माळावरचा : 'ठसक्यात केलं' लिहा की.

तळटीप : नाही हो. मघाशी काय बोललो आपण? ठसक्याला समोर माणूस लागतो.

माळावरचा : नाटकाला नसतात का समोर माणसं? खुर्च्या भरून असतात.

तळटीप : बरं. लिहा.