टीएस चाणक्यला स्टिंटच्या (चिमणीएवढे किनारी पक्षी) थव्यात दिसलेला हा पक्षी कोण? (फोटो काळपट आहे, सांभाळून घ्या)

खारफुटी_आणि_मी
नमस्कार मंडळी, पक्षी बघायला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालंय त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर हसा पण उत्तर द्या. रविवारी आईला घेऊन टीएस चाणक्यच्या (नवी मुंबईतली जहाजावरच्या शिक्षणाची संस्था) मागच्या पाणथळीवर गेले होते, सीवूड्सला उतरून रिक्षा, साडेआठला पोचलो आणि समोर नुसता चिखल! म्हणजे पक्षी होते, शेकडो होते, पण पार लांब खाडीच्या कडेला, माझ्या ८ बाय ४२ च्या दुर्बिणीतून सांडलेली मोहरी दिसावी तसे. जवळ काय तर दोन शेकाटे, एक वंचक आणि एक कुत्रा. कर्लू तेवढा ओळखला कारण ती चोचच एवढी लांब असते की चुकायची सोय नाही.

मी निघूया म्हणत होते पण आईची संकष्टी, डब्यात साबुदाण्याची खिचडी, ती म्हणाली एवढे आलोय तर बसू. बसलो ते बरं झालं, बाराच्या पुढे पाणी चढायला लागलं आणि पक्षी सरकत सरकत अलीकडे. दीडच्या सुमारास तर बांधापासून २५-३० पावलांवर लिटल स्टिंटचा थवा, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, निम्मे एका पायावर झोपलेले. त्यांच्यात हा एक जरा मोठा. स्टिंटच्या सव्वापट म्हणा. चोच काळी, बरीचशी सरळ आणि टोकाशी एकदम खाली मोडल्यासारखी. डोक्यावर पट्टे होते असं वाटतंय. ऊन समोरून येत होतं त्यामुळे रंग कळला नाही. मी वहीत कर्लू सँडपायपर (सकाळच्या मोठ्या कर्लूपेक्षा वेगळा, छोटा) लिहिलंय, बरोबर का? आणि सकाळचे चार तास वाया गेले ते पुढच्या वेळी कसे वाचवायचे?

ऐरोलीचा_बगळा
कर्लू सँडपायपरच. त्या भागात दर हिवाळ्यात असतात, त्यात काय एवढं. बिनधास्त ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) टाक.

तुतवार
थांबा थांबा, एवढ्यात टाकू नका.

ताई, "टोकाशी मोडल्यासारखी" हे तुम्हीच लिहिलंय आणि सगळी मेख त्यातच आहे. कर्लू सँडपायपरची चोच बुडापासून टोकापर्यंत एकसारखी वाकत जाते, कोयतीसारखी, आणि पाय लांब असल्याने तो उंचापुरा दिसतो. तुमच्या फोटोतला बुटका आहे, पोट जवळजवळ चिखलाला टेकतंय. दुसरं म्हणजे फोटो मोठा करून डोळ्याच्या वर बघा. पांढरी भुवई आहे आणि तिच्या वर अजून एक बारीक पांढरी रेघ फुटलीय, दुहेरी भुवई. ब्रॉड-बिल्ड सँडपायपर आहे हा माझ्या मते! आकाराने पण जमतं, स्टिंट १२ ते १४ सेंटिमीटर, हा १६ ते १८, कर्लू सँडपायपर त्याहून मोठा.

आपल्याकडे दिसतो पण कमी, आणि दिसला तरी लोक स्टिंटच्या गर्दीत सोडून देतात. स्कँडिनेव्हिया आणि रशियाच्या उत्तरेकडच्या दलदलीत अंडी घालणारा पक्षी तुमच्या आईच्या डब्यापासून ३० पावलांवर झोपला होता हे लक्षात घ्या.

एकच शंका. उडताना पाहिलात का? कर्लू सँडपायपरचा शेपटीच्या वरचा भाग उडताना पांढराफेक दिसतो. ब्रॉड-बिल्डला मधोमध काळी पट्टी आणि फक्त कडा पांढऱ्या.

ऐरोलीचा_बगळा
मान्य. मी फोटो लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर बघितला होता, आता लॅपटॉपवर बघतोय. दुहेरी भुवई आहे. मघाचं विसरा.

दिवाळ्याचा_दादा
पक्ष्याचं हे लोक सांगतील, मी वेळेचं सांगतो. ताई तुमचे चार तास संकष्टीने खाल्ले. आमच्याकडे जाळी टाकणारे जुने लोक मोबाइल बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. शुद्ध असो की वद्य, तिथी गुणिले पाऊण, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण, खाडीत आत अर्धा पाऊण तास उशीर धरायचा. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, तर खाडीत साडेतीन-पावणेचारला भरती. म्हणजे नऊ-साडेनऊच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि तुम्ही बरोबर तेव्हाच जाऊन बसलात. ओहोटीला हे सगळे खाडीच्या उघड्या चिखलावर किडे शोधत पांगतात, चिखल बुडाला की आराम करायला आत पाणथळीत येतात. आपण तेव्हा आधीच गुपचूप बसलेलं असायचं.

दुसरी गोष्ट उन्हाची. तिथे खाडी पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी आणि दुपारनंतर डोळ्यात. तुमचा फोटो काळा त्यामुळे आलाय, कॅमेऱ्याचा दोष नाही. तर सकाळी भरती असेल अशी तिथी धरा. एकादशी ते त्रयोदशी. एकादशीला पाणी अजून तेवढं अंगात आलेलं नसतं, पुढे पुनवेपर्यंत नाहीतर अवसेपर्यंत जोर वाढत जातो, पण पक्षी येतात. रविवारी चतुर्थी होती ना, मग येता रविवार एकादशी पडतेय. पावणेनऊ-नऊला भरती, सातला बांधावर हजर व्हा.

खारफुटी_आणि_मी
दादा, आम्ही कॅलेंडरवर संकष्टीचा चंद्रोदय बघून निघालो होतो आणि भरती त्याच पानावर लपलेली होती 😄

@तुतवार उडतानाचं सांगायला जरा लाज वाटतेय. शेजारी एकजण हातभर लेन्स लावून उभा होता, त्याला थवा हवेत पाहिजे होता म्हणून त्याने जोरात टाळ्या वाजवल्या. सगळे उडाले, दोन गिरक्या मारून परत जागा शोधत बसले. आई त्याला म्हणाली, अहो झोपू द्या की त्यांना. पण मी पण त्याच वेळी बटण दाबून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. आत्ता ते १४ फोटो उघडून बसलेय. ११ व्यात एक पाठमोरा आहे, मधोमध काळी पट्टी, कडा पांढऱ्या.

तुतवार
मग झालंच! अभिनंदन. फोटोसकट टाका. आणि टाळ्यावाल्याला पुढच्या वेळी आईंनी सांगितलं तेच जरा मोठ्या आवाजात सांगा, भरतीला त्यांची खायची जागा पाण्याखाली असते, इथून उडवलं तर बसायला उरतं काय. एकादशीला मी पण येतो, स्कोप (लांबचं बघायची मोठी दुर्बीण) आणतो. थव्यात कुणाच्या पायात अभ्यासकांनी खुणेसाठी लावलेली रंगीत झेंडी दिसली तर कुठल्या रंगावर कुठला रंग आणि अक्षरं काय तेवढं टिपून ठेवा, बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवता येतं.

ऐरोलीचा_बगळा
मी पण. डबा आहे ना?

खारफुटी_आणि_मी
वहीत खोडून ब्रॉड-बिल्ड लिहिलं. डब्याचं आईला विचारलं, एकादशीला आमच्यात भगर चालत नाही, म्हणजे परत खिचडीच. चौघांची करते म्हणाली.