सायनोटाइपचा निळा धुताना वाहून जातो, मदत हवी आहे

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारात गच्चीवर सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारी निळी प्रिंट) करतोय. दिवाळीला नातेवाइकांना पोस्टकार्डं पाठवायचीत. उन्हातून काढलेली प्रिंट झकास दिसते, पण धुतली की गडद निळा वाहून जातो आणि फिकट आकाशी उरतो. 1842 साली ही पद्धत शोधणाऱ्या हर्शेलसाहेबांना बोअरचं पाणी नव्हतं, एवढाच काय तो फरक!

हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात, कागदावर लावताना समसमान मिसळून. कागद अंधारात पूर्ण वाळवतो. निगेटिव्ह इंकजेटचं, ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर). दुपारच्या उन्हात 8 मिनिटं. 15 केली तर पांढरे भागही निळावले. पहिल्या धुण्यात व्हिनेगर घातल्यावर थोडं सुधारलं, पण पुरेसं नाही.

पाणी इतकं जड की बादलीला पांढरे थर बसतात. पण कागदही ‘ॲसिड-फ्री’ ड्रॉइंगचा आहे, त्यात निळा फिका करणाऱ्या चुन्याचा अंश असला तर दोषी तोच का? आयात कागद परवडणार नाही.

तो चुना घालवायला कागद आधी सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून घ्यायचा तर किती टक्के आणि किती वेळ? की सरळ कागदच बदलू, आणि बडोदा-अहमदाबादेत मिळणारा कोणता?